कृष्णाकाठचं कोवळं ऊन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



संक्रांत आली की मकर राशीचं नाव सगळ्यांच्या तोंडी येतं. मकर म्हणजे मगर की आणखी कुठला जलचर, यावर पंडितांना वाद घालू द्या. आम्हा सांगलीकरांना मकर बघायला पंचांग उघडावं लागत नाही. जानेवारीतल्या एखाद्या स्वच्छ दिवशी न्याहारी उरकावी आणि कृष्णेच्या काठानं वीस-पंचवीस किलोमीटर वर जावं. नशीब बरं असलं तर समोरच्या काठावर, मातीच्या उतरणीवर, ते महाराज ऊन खात पडलेले असतात.

यंदा संक्रांतीच्या चार दिवस आधी मी असाच गेलो होतो. बरोबर माझा भाचा होता. तो पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत असतो. हाताएवढ्या लांब भिंगाचा कॅमेरा गळ्यात अडकवून सुट्टीच्या दिवशी रानोमाळ हिंडतो. त्याला पाणमांजर बघायचं होतं. मगर त्याच्या लेखी ‘दिसली तर बरंच’ या सदरातली. आणि मला? खरं सांगायचं तर मला त्या काठावरच्या एका माणसाला भेटायचं होतं आणि चार वर्षं ते धाडस होत नव्हतं. भाच्याची पाणमांजरं हे मला सापडलेलं निमित्त होतं. त्या माणसाकडे मी नंतर येतो.

भाचा पहाटे पाचलाच तयार होऊन बसला होता. त्याला म्हटलं, अरे, वाघ बघायला अंधारात उठावं लागतं, मगर बघायला नाही. मगरीचं रक्त आपल्यासारखं आतून तापत नाही. हवेत गारठा असला की तीही गारठते. रात्रभर ती पाण्यात किंवा काठात उकरलेल्या बिळात असते. ऊन चांगलं वर आलं की बाहेर येते आणि अंग शेकत पडते. हिवाळ्यात तिची न्याहारी म्हणजे ऊन. अंग पुरेसं तापलं की जबडा उघडा टाकते. बघणाऱ्याला वाटतं, ही आता कुणाला तरी गिळणार. प्रत्यक्षात ती डोकं जास्त तापू नये म्हणून वारा घेत असते. उन्हाळ्यात तीच मगर दुपारी बाहेर दिसत नाही, आणि पावसाळ्यात नदीच गढूळ आणि फुगलेली. म्हणून बघायची तर हिवाळ्यात, नऊ-दहा ते चार या वेळात. भाच्यानं हे सगळं इंग्रजी पुस्तकांत वाचलेलं होतंच. तरी त्यानं ऐकून घेतलं. मामा म्हणून तेवढा मान अजून आहे.

साडेआठला निघालो. माधवनगर, कर्नाळ, नांद्रे असा आमचा रस्ता. जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. पुढे दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, त्यावर आभाळाला टेकलेला ऊस, आणि ट्रॅक्टरवरच्या कर्ण्यातून आख्ख्या तालुक्याला ऐकू जाईल असं गाणं. त्याच्या मागे गाडी लागली की पुढे जायचा विचार सोडून द्यायचा. काच खाली करून मळीचा आणि ओल्या पाचटाचा वास घ्यायचा. तोडलेल्या फडात बगळे उतरलेले होते. पाचट उलथलं की किडे निघतात, त्यांच्यावर त्यांची न्याहारी चालली होती.

पहिला मुक्काम ब्रह्मनाळ. इथं येरळा कृष्णेला मिळते. येरळा ही दुष्काळी मुलखातून येणारी नदी, हिवाळ्यात बहुतेक पात्र उघडं. कृष्णा मात्र भरलेली. या गावाचं नाव उभ्या महाराष्ट्राला कळलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये, महापुरात माणसं बाहेर काढणारी बोट इथं उलटली तेव्हा. आज तिथं उभं राहून पाणी बघावं तर ते इतकं शांत, की त्या दिवसाचा पत्ता लागत नाही. धुकं निघून जात होतं. पाण्यावर नदीसुरय फेऱ्या मारत होते. एक काळापांढरा खंड्या एकाच जागी पंख फडफडवत हवेत टांगल्यासारखा थांबला आणि दगडासारखा खाली पडला. चक्रवाकांची एक जोडी वाळूच्या पट्ट्यावर होती, भगव्या रंगाची, हिमालयापलीकडून आलेली. आमच्या लहानपणी चक्रवाक फक्त संस्कृतच्या पुस्तकात असतात असं वाटायचं. ते दरवर्षी आपल्या नदीवर येतात हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

तासभर थांबलो. मगर नाही, पाणमांजर तर नाहीच. भाच्यानं परिटाचे पन्नास फोटो काढले. परीट म्हणजे ते शेपटी वरखाली हलवत पळणारं पाखरू, कुणाचा गैरसमज नको.

मग सुखवाडी, चोपडेवाडीच्या बाजूनं जमेल तिथं नदीकडे उतरत भिलवडीकडे निघालो. इथला काठ मुद्दाम बघण्यासारखा आहे. वर ऊस, तो थेट काठाच्या ओठापर्यंत आलेला. खाली मळीची काळी, मऊ माती. आणि दर पन्नास-शंभर पावलांवर एक पाईप नदीत उतरलेला, वर मोटर, तिच्यावर पत्र्याचं छप्पर. आमच्या भागातलं बागायत या पाइपांवर उभं आहे. पूर्वी उन्हाळ्यात नदी आटून डोहाडोहांत तुटायची, पोरं चालत पलीकडे जायची. आता वर कोयना आणि धोम ही धरणं आहेत आणि खाली जागोजाग बंधारे. त्यामुळे पाणी बारमाही तुंबून राहतं. शेतकऱ्याला हवं तसं, आणि मगरीलाही हवं तसंच.

अकराच्या सुमारास भाच्यानं माझा दंड धरला. पलीकडच्या काठावर एक ओंडका पडला होता. मी म्हणालो, ओंडका आहे. तो म्हणाला, ‘मामा, ओंडक्याला पाय नसतात.’ दुर्बीण लावली. नऊ-दहा फूट असेल. रंग मातीचाच. वाळलेल्या चिखलाची खपली पाठीवर, जबडा उघडा, आतला फिकट पिवळा रंग उन्हात चमकत होता. एक पाणकावळा तिच्यापासून वावभर अंतरावर पंख वाळत घालून उभा होता. दोघांनाही एकमेकांची पर्वा नव्हती. आम्ही अर्धा तास बघत बसलो आणि त्या अर्ध्या तासात ती तसूभरही हलली नाही. भाचा म्हणाला, फोटो आणि व्हिडिओ यांत काही फरकच नाही.

आमच्या आजोळी मगरीला सुसरच म्हणतात. पुस्तकं सांगतात की सुसर वेगळी. लांब, निमुळत्या जबड्याची, चंबळेत आणि गंगेच्या खोऱ्यात राहणारी. कृष्णेतली ती मगर. पण ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण ज्यानं पहिल्यांदा उच्चारली, त्याला जबड्याची मापं घ्यायला सवड नसणार. भीती वाटते त्याचं तोंडावर कौतुक करावं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

कातड्यासाठी देशभर मगरी इतक्या मारल्या गेल्या होत्या, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना वाघाच्या बरोबरीचं संरक्षण मिळालं आणि १९७५ पासून मगरी वाचवण्याचा स्वतंत्र प्रकल्प सुरू झाला. मगरीची मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काठाच्या मातीत किंवा वाळूत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. पिलं नर निघणार की मादी, हे त्या खड्ड्यातल्या उबेवर ठरतं. दोनेक महिने ती खड्ड्याच्या आसपास राहते. पावसाच्या तोंडावर आतून पिलांचा आवाज आला की माती उकरते आणि ज्या जबड्याची आपण धास्ती घेतो, त्याच जबड्यात पिलं अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते. त्या दिवसांत तिच्या वाटेला गेलेलं कुणालाच खपत नाही. आता वाळूचे पट्टे उपसले गेले. उरली ती उसाच्या बांधाखालची मळी. म्हणजे तिचं बाळंतपण आणि आपला पाईप एकाच जागी आले. उसात मगरीची पिलं सापडल्याच्या बातम्या आमच्याकडे नव्या नाहीत. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या पट्ट्यात माणसांवर हल्ले झाले, जीवही गेले, हेही तितकंच खरं.

आता त्या माणसाकडे येतो. तो माझा मामेभाऊ. आम्ही त्याला आण्णा म्हणतो. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मला पोहायला त्यानं शिकवलं, कंबरेला वाळलेले भोपळे बांधून, याच नदीत. त्याचं गाव औदुंबरच्या आसपास, नदीला लागून. नाव सांगत नाही. त्यानंच बजावलंय, रेडिओवर नाव घेतलंस तर रविवारी माणसं डबे घेऊन येतील.

झालं असं. २०२१ च्या पुरानंतरच्या हिवाळ्यात आमच्या भागात ‘मगरी हटवा’ अशी ओरड सुरू झाली होती. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. हातात वेळ होता आणि लेखणीला धार आहे अशी समजूत होती. मी एका वर्तमानपत्राला लांबलचक पत्र लिहिलं. मगरी मेलेलं, सडकं खाऊन नदी साफ ठेवतात, त्या बहुतांशी माशांवर जगतात, त्यांना पकडून दुसरीकडे सोडणं हा उपाय नव्हे, वगैरे. यात चूक काहीच नव्हतं. शेवटी मी एक वाक्य टाकलं होतं, ‘नदी मगरीची आहे, माणूस तिथला पाहुणा आहे.’ या वाक्यावर मी स्वतःच खूश होतो. पत्र छापून आलं. सकाळपासून फोन सुरू झाले, सगळे कौतुकाचे. अकरा वाजता बहिणीचा फोन आला. म्हणाली, आण्णाला मगरीनं धरलं होतं, तीन दिवस झाले, दवाखान्यात आहे, तुला कुणी कळवलं नाही का?

आदल्या रविवारी रात्री अकराला लाईट आली. मोटर पाणी धरेना. नदीतल्या पाइपाच्या तोंडाला जो फुटबॉल असतो, म्हणजे जाळीची झडप, तिला जलपर्णी गुंडाळली होती. अशा वेळी पाण्यात उतरून हातानं ती काढावी लागते. दुसरा मार्ग नाही. आण्णानं बॅटरी काठावर ठेवली आणि मांडीभर पाण्यात उतरला. मगरीनं डाव्या पोटरीला धरलं. त्यानं पाईप सोडला नाही, आणि कशानं कोण जाणे, तिनं पाय सोडला. तीसच्या वर टाके पडले.

माझं पत्र वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या मुलानं मोठ्यानं वाचून दाखवलं. खाली माझं नाव, गाव सांगली. आण्णा म्हणाला म्हणे, ह्यो आमचाच.

मी भेटायला गेलो, नाही असं नाही. सफरचंदं नेली. पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि पंधरा मिनिटांत उठलो. त्यानंतर लग्नकार्यात दोनदा भेट झाली, तीही गर्दीत. पत्राचा विषय त्यानं काढला नाही आणि मीही काढला नाही.

तर त्या दिवशी आम्ही भिलवडीचा पूल ओलांडून पलीकडे गेलो. औदुंबरला दत्ताचं दर्शन घेतलं. संक्रांतीला तिथं साहित्य संमेलन भरतं, त्याची लगबग दिसत होती. घाटाच्या पायऱ्यांवर बायका पाण्याकडे तोंड करून धुणं धूत होत्या. एकीनं धुवायचं आणि दुसरीनं नुसतं पाण्यावर लक्ष ठेवायचं, अशी जोडी-जोडीनं वाटणी दिसली. हे मला भाच्यानं दाखवलं. मी इतक्या वेळा तिथं गेलो, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आण्णाच्या घरी पोचलो तेव्हा एक वाजला होता. तो अंगणात हरभऱ्याचे डहाळे सोलत बसला होता. चालताना डावा पाय जरा ओढतो. मला बघून म्हणाला, ‘आलास? बस. सुसर बघायला आलायस न्हवं?’ मी म्हटलं, ‘तुलाच बघायला आलोय.’ ‘मग तर जेवूनच जा.’ वहिनींनी कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत, भाकरी आणि खर्डा वाढला. जेवताना मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा त्यात घास घातला.

जेवण झाल्यावर तो आम्हाला नदीवर घेऊन गेला. काठाची उतरण तो काठी टेकत आडव्या पावलांनी उतरला. मोटर दाखवली. पावसाळ्यात पाणी चढेल तशी ती वर ओढायची, नंतर पाणी उतरेल तशी टप्प्याटप्प्यानं खाली आणायची. मग त्यानं काठीनं पलीकडे दाखवलं. ‘त्ये बघ म्हातारं.’

पलीकडे, आमच्यापासून शे-सव्वाशे पावलांवर, सकाळच्यापेक्षा बरीच मोठी मगर पडली होती. भाच्याच्या कॅमेऱ्याचा खटखट आवाज सुरू झाला. मी हळूच विचारलं, ‘हीच का?’

‘कोण जाणं. अंधारात काय त्वांड बघायला मिळतंय? आसंल, नसंल.’

थोड्या वेळानं तोच बोलला. ‘तू लिव्हलेलं समदं वाचलं हुतं मी. झाक लिव्हलंयस. माशाचं, सडक्याचं, समदं खरं हाय. फकस्त त्ये पावण्याचं काय कळलं न्हाई. पावना कोण रं? मी?’

श्रोतेहो, मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. मी एवढंच म्हणालो, ‘आण्णा, मी विचारायला हवं होतं.’

‘व्हय,’ तो म्हणाला. ‘इचाराय पायजे हुतंस.’ बस. पुढे काही नाही. रागानं नाही आणि माफ केलं अशा सुरातही नाही. पाण्याची पातळी सांगावी तसं सांगितलं.

मी विचारलं, मग या मगरी इथून न्याव्यात असं तुला वाटतं का? त्यावर तो हसला. म्हणाला, ‘न्हेऊन ठेवणार कुठं? एक न्हेलं तर दुसरं येतंय. पुराच्या पाण्यात वरनं खाली, खालनं वर फिरत्यातच की.’ हे खरंच आहे. २०१९ च्या पुरात याच कृष्णेच्या काठी, बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात, बुडालेल्या घराच्या छपरावर जाऊन बसलेली मगर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली आहे.

मग आण्णानं जे सांगितलं, ते माझ्या पत्रात असायला हवं होतं. ‘त्ये म्हातारं धाला वर येतंय, चारच्या म्होरं पाण्यात जातंय. मी सकाळी येतुया, दुपारी येतुया. मला दिसतंय त्ये, त्येला दिसतुया मी. दिवसा आमचं दोघांचं जमतंय. पर लाईट आठवड्यात तीन दिस दिवसा आन् चार दिस राती. रातीला त्ये शिकारीला आन् मी फुटबॉलला. तवा कसं जमायचं? सुसरीचं काय घिऊन बसलाईस, लाईट दिवसा द्या म्हणून लिव्ह की.’

आणखी एक गोष्ट त्यानं दाखवली. मगरीनं धरल्यानंतर त्यानं पाइपाच्या तोंडाभोवती लोखंडी सळ्यांचा पिंजरा करून घेतलाय, म्हणजे जलपर्णी थेट फुटबॉलला गुंडाळत नाही. पाण्यात उतरायची वेळ आता महिन्यातून एखाद्या वेळीच येते. गावातल्या लोहारानं केला, दोनेक हजार रुपये पडले. शेजारच्या मोटरींना तो नाही. का नाही, तर ज्याचं त्यानं करायचं. दवाखान्याचा खर्च आण्णाला कागदपत्रं पुरी केल्यावर मिळाला. पण असा पिंजरा दर मोटरीला बसवून द्यावा, असं कुठल्याच कागदात लिहिलेलं नाही. मगरीनं धरल्यावर पैसे मिळतात, धरू नये म्हणून मिळत नाहीत. हे माझं मत झालं, आण्णाचं नव्हे. तो एवढंच म्हणाला, ‘पत्रा हाय, सळ्या हायत, लोहार हाय.’

एवढ्यात भाच्याला आपली पाणमांजरं आठवली. आण्णाला विचारलं, ‘आण्णामामा, तुमच्याकडे पाणमांजरं आहेत का?’ आण्णानं जुनं नाव काढलं, ‘ऊद व्हय? चला.’ मोटरीपासून शंभर पावलांवर खडकाची एक लादी पाण्यात उतरलेली आहे. तिच्यावर काळपट, करड्या विष्ठेचे ढीग होते. त्यात माशांचे खवले चमकत होते आणि वास असा, की भाचा सोडून कुणालाही तिथं थांबवेना. पाणमांजरं कळपानं राहतात आणि घाण ठरलेल्या जागीच करतात. शेजारी वाळूत लोळल्याच्या खुणा होत्या. अंगावरचे दाट केस ती अशी लोळून वाळवतात. भाचा गुडघे टेकून त्या ढिगांचे फोटो काढत होता. आण्णानं माझ्याकडे बघून भुवई उडवली. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदाच एकत्र हसलो.

दीड तास बसलो. तीनच्या सुमाराला भाचा ओरडला, ‘ती बघा!’ मी नेमका चष्मा पुसत होतो. चष्मा डोळ्यावर चढवेपर्यंत पाण्यावर बाणासारखी एक रेघ वळवाकडे गेलेली तेवढी दिसली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तीन होती, एकाच्या तोंडात मासा होता. कॅमेऱ्यात एक डोकं आलंय, ओल्या नारळासारखं. मी दोनदा बघितलं, फोटोत आहे म्हणून मान्य केलं. आण्णा म्हणाला, ‘रोज दिसत्यात. आमच्या जाळ्यातलं मासं पळवत्यात मेली.’ पण त्या ‘मेली’मध्ये कौतुक होतं. मगरीबद्दल बोलताना ते नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

निघताना वहिनींनी वांग्यांची पिशवी गाडीत ठेवली. मी म्हटलं, आज रात्रीची लाईट आहे का? आहे, साडेदहाला येते. मग वहिनींनी सांगितलं, त्या दिवसापासून घरात एक शिस्त आहे. आण्णा नदीवर गेला की मोटर सुरू करून काठावर परत चढेपर्यंत त्या झोपत नाहीत. वर आला की तो घरच्या फोनवर एक मिस कॉल देतो. मग त्या दिवा घालवतात.

परतीचा रस्ता उजव्या काठानं, तुंग आणि कसबे डिग्रजवरून. डिग्रजच्या बंधाऱ्याजवळ आणखी दोन मगरी दिसल्या, एक बरीच लहान. अंधारायच्या आधी हरिपूरला पोचलो. वारणा इथं कृष्णेला मिळते. संगमेश्वराच्या घाटावर बसून चहा घेतला. पाण्यावर फेस होता आणि वास चांगला नव्हता. २०२३ च्या मार्चमध्ये इथून खाली अंकलीच्या पुलाजवळ मेलेल्या माशांचा खच पडला होता. मगर, पाणमांजर, नदीसुरय, खंड्या, सगळे या माशांवरच जगतात. भाचा दिवसाची यादी लिहीत होता. मगरी चार, पाणमांजरं तीन, पक्षी एकेचाळीस जातींचे. मला म्हणाला, ‘मामा, तुमची पाणमांजरं यादीत धरायची का?’ मी म्हटलं, माझी रेघ धर.

रात्री जेवणं झाली. भाचा कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर उतरवत बसला. मी अंथरुणावर पडलो, पण झोप येईना. साडेदहा वाजले. निघताना मी आण्णाला म्हणालो होतो, वर आलास की मलाही एक मिस कॉल दे. तो म्हणाला होता, ‘तुला कशाला?’ अकरा झाले. सव्वाअकरा झाले. भाच्यानं विचारलं, मामा, जागे का? म्हटलं, कुठे काय, सहज.

अकरा वाजून बावीस मिनिटांनी फोन एकदाच वाजला आणि बंद झाला.